गांजा, अर्धशिशीची गोळी आणि अडणारे शब्द: एका शिक्षकाचं प्रकरण

या प्रकरणातली व्यक्ती ओळखू येईल असे सगळे तपशील बदलले आहेत. तिला आपण सुहास म्हणू. मी वाचा-भाषा उपचार करते. या कामात एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक मेंदूविकारतज्ज्ञ सोबत होते.

पार्श्वभूमी

सुहास २७ वर्षांचा. गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, घर माळकरी, थोडी शेती. मराठी घेऊन बी.ए. केलं आणि एमपीएससीसाठी पुण्यात आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिला. पूर्व परीक्षा निघायची, मुख्य परीक्षेत गाडी अडायची. शेवटी ज्या क्लासमध्ये शिकला तिथेच मराठी व्याकरण शिकवायला लागला आणि त्यात त्याचा जम बसला. मुलं त्याच्या तासाला जागा धरून ठेवत.

गांजा आला तो परीक्षेच्या काळात, रूमवरच. आधी शनिवारी, मग निकालाच्या आगेमागे, मग रोज. माझ्याकडे आला तेव्हा जवळपास पाच वर्षं तो रोज रात्री दोन-तीन जॉइंट ओढत होता, तेही तंबाखू मिसळून. दिवसा कधीच नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. त्याच्या मते रात्रीचा गांजा आणि दिवसाचं शिकवणं यांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

सोबत अर्धशिशी होती, कॉलेजपासूनची. साधारण आठ महिन्यांपूर्वी एका डॉक्टरांनी डोकेदुखी येऊच नये म्हणून टोपिरामेट सुरू केलं आणि मात्रा हळूहळू दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत नेली. डोकेदुखी खरंच कमी झाली. त्यामुळे या गोळीवर कुणाचा संशय गेलाच नाही.

अडचण

तास समासाचा होता. सुहासने फळ्यावर ‘राजवाडा’ लिहिलं आणि पुढचा शब्द येईना. ‘आता याचा आपण... ती फोड... तो जो करतो ना आपण...’ पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘विग्रह, सर.’ वर्ग हसला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. मुलांना हे सवयीचं झालंय, हे त्याला तेव्हा कळलं.

घरी फोनवर बोलताना वाक्य मध्येच सुटायचं. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर असून यायचं नाही. ‘ते’, ‘वस्तू’, ‘काहीतरी’ हे शब्द बोलण्यात फार वाढले होते. उच्चार स्वच्छ होते. तोतरेपणा नव्हता, व्याकरण शाबूत होतं आणि ऐकलेलं नीट समजत होतं. अडचण दोन जागी होती: हवा तो शब्द वेळेवर न सापडणं आणि नुकतंच वाचलेलं-ऐकलेलं शब्दांत न टिकणं. नवं उदाहरण रात्री तयार केलं तरी सकाळी वहीत बघावं लागायचं.

हे कधीपासून? इथे त्याचं उत्तर डळमळीत होतं. ‘वर्षभर तरी असेल. पण हे सहा महिने फारच.’ या वाक्याने पुढचं सगळं प्रकरण ठरवलं. वर्षभर म्हटलं तर गोळीच्या आधीची सुरुवात. सहा महिने म्हटलं तर गोळीची मात्रा वाढल्यानंतरची.

गोळीचा धागा हाती लागला तो चहाच्या गप्पांत. तो म्हणाला, ‘मॅडम, हल्ली सोड्यालाही झणका नाही. नुसतं गोड पाणी लागतं.’ टोपिरामेट घेणाऱ्यांना फसफसणारी पेयं अशी पाणचट लागतात, कारण ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) कार्बन डायऑक्साइडचा तो झणका जिभेला कळतो त्यालाच हे औषध रोखतं. बोटांना मुंग्याही येत होत्या. मुंग्यांचं खापर सगळ्यांनी बी-१२ वर फोडलं होतं, आणि शाकाहारी घरातल्या माणसाबाबत तो अंदाज वावगा नव्हताच. पण बी-१२ कमी झालं म्हणून सोड्याची चव जात नाही.

संशयाची यादी

तिशीच्या आतल्या माणसाला शब्द सापडेनासे झाले की आधी गंभीर कारणं बाजूला काढायची. एकाएकी सुरुवात, एका बाजूची कमजोरी, झटके, ताप, दिवसागणिक उतरण, यांतलं काही नव्हतं. जुनी डोकेदुखी आणि भाषेची नवी तक्रार एकत्र आल्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय काढला. तो स्वच्छ आला. थायरॉइड ठीक होता. बी-१२ मात्र कमी निघालं.

मानसोपचारतज्ज्ञांना वेगळी काळजी होती. बोलता बोलता विचारच तुटणं हे मनोविकाराच्या सुरुवातीचं लक्षण असू शकतं, आणि रोजच्या गांजाने तो धोका वाढतो. त्यांनी दोन सविस्तर मुलाखती घेतल्या. संशयीपणा, भास, विचार कुणीतरी काढून घेतल्याची भावना, काहीच आढळलं नाही. सुहासचा विचार तुटत नव्हता. काय म्हणायचंय ते त्याला पक्कं ठाऊक असायचं, फक्त त्याचा शब्द हाती लागत नव्हता. हा फरक बारीक आहे, पण उपचाराची दिशा त्यावरच ठरते.

उरले दोन मुख्य संशयित.

गांजातला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. ते मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) काम करतं आणि हे ग्राही हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नवी आठवण जिथे बांधली जाते तिथे, दाट असतात. म्हणूनच गांजाच्या अभ्यासांत सर्वांत सातत्याने दिसणारी घट शाब्दिक स्मृतीची आहे: ऐकलेली शब्दांची यादी शिकणं आणि थोड्या वेळाने सांगणं. अमेरिकेत १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या, हृदयविकारासाठी आखलेल्या एका दीर्घ पाहणीतल्या माणसांची २५ वर्षांनी स्मृती तपासली गेली. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. रोजच्या सेवनाच्या दर पाच वर्षांमागे, सरासरी दोन माणसांतल्या एकाला १५ शब्दांच्या यादीतला एक शब्द कमी आठवत होता. समूहाच्या पातळीवर ही घट लहानच. पण जो माणूस शब्दांवर पोट भरतो त्याला लहान घटही जाणवते. दुसरी बाजू आशेची आहे. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात १६ ते २५ वयाच्या नियमित सेवन करणाऱ्यांनी महिनाभर गांजा सोडल्यावर शाब्दिक शिकणं सुधारलं, आणि बरीच सुधारणा पहिल्या आठवड्यातच झाली.

टोपिरामेटचं वागणं वेगळं. शब्द न सुचणं हा त्याचा जुना, चांगला माहीत असलेला दुष्परिणाम आहे. मात्रेबरोबर तो वाढतो आणि औषध कमी केल्यावर सहसा निघून जातो. त्यात विशेषतः मार खातो तो ओघ: एका मिनिटात एका अक्षराचे किती शब्द सुचतात, ते.

म्हणजे दोघेही भाषेवरच घाला घालणारे, पण जागा जराशा वेगळ्या. ‘गांजामुळे बोलणं बिघडलं’ असं म्हणून मोकळं होण्याआधी बोलण्यातलं नेमकं काय बिघडलं, ते मोजायला हवं होतं.

पर्याय

पहिला पर्याय सरळ भाषा-उपचार सुरू करण्याचा. सुहासला तोच हवा होता. ‘काहीतरी व्यायाम द्या’ असं तो म्हणत होता. पण कारण तसंच ठेवून शब्दांचे व्यायाम देण्यात मला अर्थ दिसला नाही.

दुसरा, गांजा आणि गोळी दोन्ही एकदम थांबवण्याचा. रुग्णाला लवकरात लवकर बरं वाटावं हा एकच हेतू असेल तर हा मार्ग चुकीचा नाही. पण यात डोकेदुखी उलटण्याचा धोका होता, आणि सुधारणा झाली तरी ती कशाने झाली हे कधीच कळलं नसतं. मग पुढच्या वर्षी डोकेदुखी वाढली की हीच गोळी पुन्हा सुरू होणार, किंवा गांजा ‘निर्दोष’ ठरवून पुन्हा ओढला जाणार.

तिसरा, आधी गोळी कमी करण्याचा. याच्या बाजूने बरंच होतं: परिणाम काही आठवड्यांत कळला असता, शिवाय सुहास आनंदाने तयार होता. गोळी दोषी ठरली तर गांजाबद्दल बोलावंच लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि तो त्याने लपवला नाही.

चौथा, आधी गांजा सोडून गोळी तशीच ठेवण्याचा. यात अडचण सोडण्याच्या काळाची. रोज ओढणाऱ्याने गांजा थांबवला की पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोपमोड, विचित्र स्वप्नं, भूक मंदावणं हे सगळं येतं आणि साधारण दोन आठवडे टिकतं. त्या काळात घेतलेल्या चाचणीला काही किंमत नाही.

बैठकीत मत विभागलेलं होतं. मेंदूविकारतज्ज्ञ गोळीच्या बाजूने, मानसोपचारतज्ज्ञ गांजाच्या. पारडं फिरलं ते डोकेदुखीने. गांजा सोडताना डोकं दुखू शकतं, आणि सुहासच्या बाबतीत डोकं दुखलं की जॉइंट हा ठरलेला मार्ग होता. गोळीचं पांघरूण काढून घेऊन त्याला गांजा सोडायला सांगणं म्हणजे अपयशाचीच तजवीज. म्हणून ठरलं: गोळी तशीच ठेवायची, आधी गांजा सोडायचा, पुरेसा काळ जाऊ द्यायचा, मोजायचं, आणि मग गोळी बदलायची.

गुप्ततेचा प्रश्न

याच सुमारास सुहासच्या आईचा फोन आला. ‘ताई, खरं सांगा, पोरगं काही वढतंय का?’ आवाजात राग नव्हता, भीती होती. तरी उत्तर देणं माझ्या हातात नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये अमली पदार्थांशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत आणि रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. मी आईंना सांगितलं की तपासणी चालू आहे, एमआरआय चांगला आहे, आणि बाकीचं सुहासच्या तोंडून ऐका. त्याला त्याच दिवशी सांगितलं की आईंनी काय विचारलं.

त्याची स्वतःची भीती पोलिसांची होती. कागदावर ‘गांजा’ लिहिलं की क्लासची नोकरी जाईल, शिवाय वर गुन्हा दाखल होईल, असं त्याला वाटत होतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजाचं सेवन गुन्हा आहे, ही गोष्ट खरी. पण त्याच कायद्याचं कलम ६४अ, स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. हे मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला समजावल्यावर त्याने पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. तोवर तो ‘कधीमधी’ म्हणत होता. आधीच्या दवाखान्यांत त्याला दारू आणि तंबाखूबद्दल विचारलं गेलं होतं, गांजाबद्दल कुणीही नाही. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १.३ कोटी लोकांनी वर्षभरात गांजा किंवा चरस घेतलेला होता. एवढ्या माणसांच्या केसपेपरवर हा रकाना कोराच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

काय केलं

आधी मोजमाप. १५ मराठी शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची, प्रत्येक वेळी आठवतील तेवढे सांगायचे, अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. ‘प’ने सुरू होणारे शब्द एका मिनिटात. भाज्यांची नावं एका मिनिटात. चित्रांची नावं, आणि एका बाजाराच्या चित्राचं वर्णन.

‘प’वर तो म्हणाला: ‘पाणी, पान, पेन, पाटी... पक्षी...’ आणि मग कपाळावर हात ठेवून गप्प. मिनिटभरात सहा शब्द. व्याकरणाच्या शिक्षकाला हे किती कमी आहे हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. यादीत पाचव्या फेरीला १५ पैकी ८, अर्ध्या तासाने ५.

मग बी-१२ ची इंजेक्शनं झाली आणि काही आठवड्यांनी, बाकी काहीही न बदलता, वेगळ्या शब्दांची यादी घेऊन पुन्हा मोजलं. याचा दुहेरी फायदा झाला. बी-१२ हा प्रश्न आधीच निकालात निघाला, आणि नुसत्या सरावाने किती गुण वाढतात तेही कळलं. आकडे जवळजवळ तेच राहिले.

गांजा सोडायला मान्यता मिळालेलं औषध नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी समुपदेशन, झोपेची शिस्त आणि आठवड्याची भेट असा आराखडा दिला. एक गोष्ट त्यांनी नेमकी हेरली: जॉइंटमध्ये तंबाखू असल्यामुळे गांजा सुटला की निकोटिनही सुटणार आणि निकोटिनची तलफ लक्ष विचलित करणार. म्हणून निकोटिनची च्युइंगम सुरू केली.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मुळशीला एका मित्राचा निरोपसमारंभ झाला आणि सुहास घसरला. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून सांगितलं. इथे पुन्हा निर्णय आला: ठरलेल्या तारखेला चाचणी घ्यायची की घड्याळ नव्याने लावायचं? नव्याने लावलं. त्याच्या हुरूपाच्या दृष्टीने हे जड गेलं. मागचे दिवस वाया गेले नाहीत, झोपेची सवय लागते आहे, असं समुपदेशकाने त्याला बराच वेळ बसून पटवलं. रूम बदलायचा निर्णय त्याने त्यानंतरच घेतला, आणि माझ्या मते सगळ्या उपचारात सर्वांत मोठं काम त्या निर्णयाने केलं.

चार आठवडे गांजाविना गेल्यावर मोजमाप केलं. मग मेंदूविकारतज्ज्ञांनी टोपिरामेट टप्प्याटप्प्याने उतरवलं, कारण ते एकदम बंद करायचं औषध नाही. जागी प्रोप्रॅनोलॉल हे अर्धशिशी टाळणारं दुसरं औषध दिलं. दमा असेल तर ते देत नाहीत; त्याला दमा नव्हता म्हणून ते चाललं. गोळी पूर्ण थांबल्यावर महिन्याभराने शेवटचं मोजमाप झालं.

काय झालं

गांजा सुटल्यावर यादी सुधारली: पाचव्या फेरीला ११, अर्ध्या तासाने ९. रात्री तयार केलेली उदाहरणं सकाळी आठवायला लागली. पण ‘प’चे शब्द सहावरून सातवर गेले, इतकंच. वर्गात अडखळणं चालूच होतं. ‘मॅडम, मग सोडून काय उपयोग झाला?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता आणि तो सर्वांत नाजूक काळ होता. मी त्याच्यासमोर दोन्ही कागद ठेवले आणि यादीचे आकडे दाखवले.

गोळी उतरल्यावर ओघ परतला. ‘प’वर १३ शब्द आले, आणि आकड्यापेक्षा मला त्यांची रांग महत्त्वाची वाटली: ‘पाणी, पाणवठा, पाणथळ, पाणबुडी, पाणकोंबडी...’ एका शब्दाचं बोट धरून सगळं घराणं बाहेर काढायची ही युक्ती आधीच्या तिन्ही वेळा दिसली नव्हती. यादीचे गुण थोडेच वर गेले, १२ आणि १०. सोड्याला झणका आला. मुंग्या थांबल्या. डोकेदुखी अधूनमधून आहे, पण त्याला सोसवते.

यावरून माझा निष्कर्ष: सुहासची न टिकणारी आठवण बहुतांशी गांजाकडे जाते आणि अडणारे शब्द बहुतांशी गोळीकडे. दोन्ही एकत्र आल्यामुळे वर्गात ते एकच दुखणं वाटत होतं. ‘बहुतांशी’ म्हणते, कारण ही एका माणसाची कहाणी आहे. या महिन्यांत त्याची झोप सुधारली, रूम बदलली, भीती कमी झाली. या प्रत्येकाचा आकड्यांत थोडा वाटा असणारच. गांजाचं जुनं ओझं उतरायला चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ लागत असेल तर शेवटच्या मोजणीतला थोडा वाटाही त्याचाच असेल.

वेगळं काय करता येईल

गांजा सोडल्याचा पुरावा सुहासचा शब्द आणि त्याची डायरी एवढाच होता. लघवीची तपासणी आम्ही मुद्दाम टाळली. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत टीएचसीचे अंश सोडल्यावरही महिनाभर किंवा जास्त दिसू शकतात, त्यामुळे मधल्या काळातला ‘पॉझिटिव्ह’ निकाल विनाकारण अविश्वास निर्माण करतो. पण अगदी शेवटी, त्याच्या संमतीने, एक तपासणी करता आली असती. निष्कर्षाला बळ आलं असतं.

वर्गातलं प्रत्यक्ष बोलणं नोंदवायला हवं होतं. क्लास तासांचं रेकॉर्डिंग ठेवतो, मुलं ते नंतर बघतात. दोन वर्षांपूर्वीचा, गोळीच्या आधीचा एक तास ऐकला असता तर ‘वर्षभर की सहा महिने’ हा प्रश्न सुहासच्या आठवणीवर सोडावा लागला नसता. आता अशा प्रकरणात मी पहिल्याच भेटीत जुनी रेकॉर्डिंग, व्हॉइस मेसेज, काहीही मागते.

गोळी सुरू करतानाच कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं की शब्द अडू शकतात, आणि अडले तर कळवा. शिक्षक, वकील, कीर्तनकार, निवेदक यांच्यासाठी हा दुष्परिणाम मुंग्यांपेक्षा फार मोठा आहे. धंदा विचारून औषध निवडायला दोन मिनिटं लागतात.

आईंना शेवटी सुहासनेच सांगितलं, दिवाळीला घरी गेल्यावर. हे आधी, आमच्या कुणाच्या उपस्थितीत घडवून आणायला हवं होतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना वाटतं की घरच्यांचा आधार मुळशीच्या आधी हवा होता. मला वाटतं, त्याने स्वतः वेळ निवडली म्हणूनच ते बोलणं भांडणावर गेलं नाही.

सध्या तो शिकवतो आहे. गांजा पूर्ण बंद आहे असं तो म्हणत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी होतं, असं सांगतो. तेवढ्याने काही बिघडतं का, हे या प्रकरणातून मला सांगता येत नाही. नवी बॅच सुरू होण्याआधी ताज्या यादीने पुन्हा मोजायचं आमचं ठरलं आहे.